आढळले नाही

सर कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचायचे. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, रजेचा अर्ज, काहीही. लग्नपत्रिका आली की आधी तळाचं 'आपले नम्र' बघायचे आणि तिथून वर चढत चढत नवरा-नवरीपर्यंत पोचायचे. "लोक मुख्य गोष्ट शेवटी लपवतात, मॅडम," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. त्याआधी मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

ही सवय त्यांना कामानं लावली होती. आमचं ऑफिस म्हणजे पेटंटच्या कागदांचं गोदाम. जगात कुठेही कुणी नवं यंत्र किंवा नवी रीत शोधली आणि त्यावर हक्क मागितला की त्या देशात तो अर्ज छापला जातो. असे देशोदेशींचे छापील अर्ज पेट्या भरभरून नागपूरला आमच्याकडे यायचे. मग आपल्याकडचा कुणी कारखानदार किंवा एखादा साधा कारागीर यायचा आणि विचारायचा, मी हे शोधलंय, हे आधी कुणी केलंय का? आम्ही रॅक धुंडाळायचो आणि अहवाल द्यायचो. म्हणजे अहवाल सर द्यायचे. मी कागद काढायची आणि टाइप करायची.

त्याच सुमारास परदेशात देशादेशांतल्या एका करारानं नवी पद्धत सुरू झाली होती. अर्ज एकच करायचा, तो अनेक देशांत चालायचा, आणि आधी असं काही झालंय का याची तपासणी एकाच ठिकाणी होऊन तिचा अहवाल अर्जाच्या शेवटी छापला जायचा. आपला देश त्या करारात नव्हता. तरी जिनिव्हाहून त्या पातळ पुस्तिका यायच्या, आणि कादंबरी वाचावी तशा सर त्या डबा खाता खाता वाचायचे. अर्थात मागून. शेवटच्या पानावर तीन रकाने. पहिल्यात एक अक्षर, दुसऱ्यात आधी प्रसिद्ध झालेल्या कागदाचा नंबर आणि तारीख, तिसऱ्यात तो कागद अर्जदाराच्या कुठल्या दाव्याला भिडतो ते. निकाल त्या अक्षरात. ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी, घाबरायचं कारण नाही. वाय म्हणजे हा कागद एकटा निरुपद्रवी, पण दुसऱ्या कागदाशी जोडला की अर्जदारानं विशेष काही केलं असं म्हणता येत नाही. आणि एक्स म्हणजे हा एकच कागद पुरे. शोध नवा नाही.

सरांनी ते तीन रकाने आमच्या अहवालात आणले आणि मग ती अक्षरं सगळ्या ऑफिसभर पसरली. गणपत नावाचा आमचा शिपाई रोज उशिरा यायचा.

"काहून गा गणपत, आज काय झालं?"

"सायकल पंचर झाली जी साहेब."

"एक्स. हे कारण मागच्या सोमवारी देऊन झालंय. नवीन आण."

दुसऱ्या दिवशी गणपत तयारीनं आला. "सासू बिमार पडली साहेब. तिले दवाखान्यात नेऊन राहिलो होतो, तं सायकल पंचर झाली."

"वाय," सर म्हणाले. "दोन जुनी कारणं जोडलीस. पण जोड चांगला बसलाय. जा, पाणी आण."

गणपत माझ्या टेबलाशी थांबून हळूच म्हणायचा, "बाई, या माणसाच्या घरी वरणाले फोडनी कोन देत असन? तिले बी नंबर देत असन हा."

घरी कुणी नव्हतं. बायको कलकत्त्याला असतानाच वारली होती. तिथल्या ऑफिसात त्यांनी वीस-एक वर्षं काढली आणि मग गावी बदली मागून घेतली. हे पुढे गणपतनंच कुठूनसं काढून मला सांगितलं. सरांना मी स्वतःहून कधी काही विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

सर नुसतं 'नाही' असं म्हणत नसत. अहवालात तर नाहीच. शोधून काही मिळालं नाही तर लिहायचं, 'आढळले नाही'. एकदा मी 'असा कागद अस्तित्वात नाही' असं टाइप केलं तर त्यांनी मशीनमधून कागद ओढून काढला. "मॅडम, तुम्ही सगळं जग पाहिलंत? मग? आपण फक्त आपण काय पाहिलं ते सांगायचं. नवं आहे असं कधी सिद्ध होत नसतं. जुनं आढळलं नाही, एवढंच." पुढे पुढे ते बोलतानाही तसंच बोलायला लागले. गणपतनं विचारलं, छत्री आणली का साहेब, तर म्हणायचे, "आढळली नाही."

आपण पाहिलं तेवढंच लिहायचं, असं सांगणाऱ्या या माणसाला दिसत नव्हतं, हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं.

कुणी सांगितलं नाही. जो माणूस बोलत नाही त्याला दिसतं बरंच. सर रॅकच्या कडेला बोटं लावून चालायचे. चहाचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकायचे आणि मगच हात पुढे करायचे. सही करताना गणपत कागदावर पट्टी धरायचा आणि सर पट्टीच्या वर सही करायचे. वर्तमानपत्र आणि त्या पुस्तिका ते अजूनही मागून उघडायचे, पण पान उलटायला विसरायचे. समोरचं थोडं दिसत असावं, नळीतून बघितल्यासारखं. जाड भिंगाचा चष्मा होता, त्यामुळे कुणाला शंका येत नसे.

आणि कागद ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक सिद्धांतही होता. "डोळ्याला सवय लागते, मॅडम. चूक डोळ्यासमोरून निसटते. कानाला फसवता येत नाही. वाचा." सगळ्यांना तो त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटायचा. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असावं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

मला मोठ्यानं वाचायचा फार संकोच. त्यातून मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी घरी बोलायची तेवढीच, आणि आकडे तर अजिबात नाहीत. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन हे मला तेव्हा मनात मोजावं लागायचं. सरांना मात्र आकडे मराठीतच हवे असायचे. तारीख आधी, मग नंबर, मग मजकूर. "तारखेशिवाय कागद म्हणजे पत्त्याशिवाय माणूस." मी फिफ्टी थ्री म्हटलं की ते नुसते थांबायचे. मी मनात पाढा म्हणायची आणि म्हणायची, त्रेपन्न. मग त्यांची मान हलायची. त्या मान हलण्यासाठी मी रात्री घरी वहीत आकडे लिहून काढले आहेत.

दौलत आला तो ऑक्टोबरात. सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत फिटर होता. तिशीतला, हाताच्या रेषांत काळं कायमचं बसलेलं. कापडी पिशवीतून त्यानं एक लाकडी खेळणं काढून सरांच्या टेबलावर ठेवलं. उतरती फळी, तिच्यावर छोटा डबा, डब्याला सुतळी, आणि खाली सायकलच्या सीटची स्प्रिंग लावलेला लोखंडी आकडा.

"खाणीत उतारावर कोळशाचे टब, म्हंजे डबे, दोरानं वर वढतेत साहेब," तो म्हणाला. "दोर तुटला का डबे वापस खाली येतेत. मंधात जो असन तो गेला. आता हे पाहा. दोर तानलेला हाये तोवर आकडा वर. दोर ढिला झाला..." त्यानं सुतळी सोडली. टक्‌ असा आवाज झाला, आकडा फळीत रुतला आणि डबा जागच्या जागी थांबला. "कोनाले काई करा लागत नाई."

सरांनी हात पुढे केला. डबा चाचपला, स्प्रिंग चाचपली, आकड्याचं टोक बोटानं बघितलं. मग स्वतः सुतळी ताणून सोडली. टक्‌. पुन्हा ताणली. टक्‌. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"कुणी शोधलं हे?"

"शालिकनं. माहा लहाना भाऊ. कागदावर त्यानंच काढलं होतं, मी नुस्तं बनवलं."

"त्यांना का नाही आणलं?"

"तो नाई आता जी. हे चित्र काढून झालं होतं, बनवाचं राह्यलं होतं. आन एक दिवस दोर तुटला."

गणपत चहा घेऊन आला होता, तो तसाच दाराशी थांबला.

दौलतनं जानेवारीत कच्चा अर्ज केला होता. कच्च्या अर्जानं तारीख पक्की होते. मग वर्षभरात, फार तर मुदत वाढवून आणखी तीन महिन्यांत, पूर्ण अर्ज करावा लागतो, नाहीतर पहिला अर्ज आपोआप संपतो. तो भरण्याआधी त्याला खात्री करून घ्यायची होती.

"अर्जावर नाव कुणाचं?" सरांनी विचारलं.

"दोघाईचं. त्याचं आंधी."

"बरोबर. कायद्यात खरा आणि पहिला शोधक असंच म्हटलंय."

"मले बाकी काई नाई पायजे साहेब. त्याचं नाव छापून आलं पायजे. मायले वाचून दाखवतो. खरा आन पह्यला."

तो गेल्यावर सर बराच वेळ सुतळी ताणत बसले. "सापडू नये असं वाटतंय, मॅडम," ते म्हणाले. "म्हणून नीट शोधू."

तीन आठवडे आम्ही शोधलं. इंग्लंडचे कागद, अमेरिकेचे, जर्मनीचे. डबे थांबवायच्या कितीतरी युक्त्या, पण सगळ्यांत माणसानं खटका ओढावा लागायचा. ए, ए, ए. प्रत्येक ए ला सर टेबलावर हलकेच टिचकी मारायचे. जपानी कागदांचं रॅक कोपऱ्यात होतं. ती भाषा कुणालाच येत नसल्यामुळे तिथे सहसा कुणी जात नसे. "चित्र सगळ्या भाषांत सारखंच असतं," सर म्हणाले. "बघून या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ते चित्र मिळालं. उतार, डबा, दोर, स्प्रिंग आणि आकडा. सायकलच्या सीटचीच असावी अशी स्प्रिंग. माझ्या कानात टक्‌ झालं.

मी कागद सरांच्या टेबलावर नेला आणि चित्राचं वर्णन केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"तारीख."

अंकात वाचता येण्यासारखी एकच गोष्ट होती. वर कोपऱ्यात नंबर होता आणि तो फिफ्टी सिक्सनं सुरू होत होता. त्याच्या आधी दोन जपानी अक्षरं होती. मला ती 'नंबर' किंवा 'साल' अशी काहीतरी वाटली. खरं तर मी त्यांचा विचारच केला नाही. मी मनात पाढा म्हणत होते.

"छप्पन्न," मी म्हटलं. पहिल्याच झटक्यात, न अडखळता.

"एकोणीसशे छप्पन्न?"

"हो, सर."

सरांची मान हलली. मग त्यांनी कागद हातात घेतला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये त्याचा कोपरा चोळला. कागद करकरीत होता. त्याला अजून शाईचा वास येत होता. पंचवीस वर्षं रॅकमध्ये काढलेला कागद असा नसतो, तो पिवळा पडतो, कडेला मऊ होतो. हे मला त्याच क्षणी दिसलं आणि त्याच क्षणी मी ते बाजूला सारलं. विचारायचं म्हणजे बोलावं लागणार होतं.

"जपान्यांचा कागद चांगला असतो," सर म्हणाले.

आणि मग त्यांनी मला छप्पन्न सालची गोष्ट सांगितली. एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. त्या ऑक्टोबरात ते चोवीस वर्षांचे होते, शाळेत विज्ञान शिकवत होते. पारशिवनीकडच्या त्यांच्या खेड्यातून वडील बैलगाडीनं आणि पायी नागपूरला आले होते, पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही उसने. त्या गर्दीत सकाळी सगळ्यांबरोबर वडील उभे राहिले आणि त्यांनी धम्म स्वीकारला. "संध्याकाळी माझा बाप माझ्या खोलीवर आला. पाणी मागितलं नाही, स्वतः माठातून घेऊन प्यायला. घरमालकाचा माठ होता तो, मॅडम. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पन्नाशीचा माणूस, पण त्या दिवशी त्याच्याविरुद्ध आधीचा एकही कागद लागू नव्हता."  मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चला. लिहा. एक्स."

मी टाइप केलं. गणपतनं पट्टी धरली. सरांनी सही केली.

दौलत आला तेव्हा अहवाल सरांनी स्वतः त्याला समजावला. तो बराच वेळ त्या एक्सकडे बघत होता.

"छप्पन साली? तवा तं शालिक पैदाबी नव्हता झाला."

"त्यानं स्वतःच्या डोक्यानं शोधलं, ते खोटं होत नाही दौलत."

"म्हंजे खरा हाये, पन पह्यला नाई."

सरांनी खेळणं त्याच्याकडे सरकवलं.

"मंग पुरा अर्ज कायले भरू," दौलत म्हणाला. पिशवी उचलली, खेळणं मात्र टेबलावरच राहू दिलं. "ठेवा तुमच्यापाशी. घरी माय पाह्यते तं रडते."

त्यानंतरच्या जूनमध्ये जपानहून नवीन पेटी आली. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास ऑफिसभर होता, गणपतनं पटाशीनं पेटीची फळी उचकटली आणि मी वरचा गठ्ठा काढला. सगळ्या कागदांवर तीच दोन अक्षरं होती आणि त्यांच्यापुढे फिफ्टी सेव्हन. गेल्या काही महिन्यांतले, त्याच वर्षी छापलेले कागद. सगळ्यांवर सत्तावन्न.

जपानी लोक आपल्या सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं मोजत; ती दोन अक्षरं म्हणजे त्या कारकिर्दीचं नाव. त्या वर्षांत पंचवीस मिळवले की आपल्या सालाचे शेवटचे दोन आकडे येतात. जपानी कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. सरांना तर कलकत्त्यापासून माहीत होतं. त्यांना फक्त ती दोन अक्षरं दिसायला हवी होती, किंवा कुणीतरी ती तिथे आहेत एवढं सांगायला हवं होतं.

छप्पन्नात पंचवीस. मी बोटांवर मोजलं, एक्याऐंशी. तो कागद गेल्या वर्षीचा होता, उन्हाळ्यातला. दौलतचा कच्चा अर्ज त्याच्या आधीचा, जानेवारीतला. शालिक खरा होता आणि पहिलाही होता. आणि पूर्ण अर्जाची मुदत वाढीव तीन महिन्यांसह एप्रिलमध्ये संपली होती. आता नव्यानं अर्ज करावा तर हाच जपानी कागद त्याच्या आधीचा ठरत होता. आम्ही खोटा लिहिलेला एक्स आता खरा झाला होता.

चार दिवस मी काही बोलले नाही. रोज सकाळी वाक्य ठरवून यायची आणि संध्याकाळी तेच वाक्य घेऊन घरी जायची. पाचव्या दिवशी मी एक गोष्ट केली. सरांच्या वाचनाच्या गठ्ठ्यात सर्वांत वर नव्या पेटीतला एक जपानी कागद ठेवला.

"तारीख," सर म्हणाले.

"सत्तावन्न."

त्यांची मान हलली नाही.

"ही पेटी कधी आली?"

"सोमवारी."

"आकड्याच्या आधी काही आहे?"

"दोन अक्षरं आहेत."

 मग त्यांनी विचारलं, "त्या कागदावरही होती?"

"हो."

 त्यांनी टेबलावरचं खेळणं चाचपडत जवळ घेतलं, पण सुतळीला हात लावला नाही. "मशीनला कागद लावा," म्हणाले.

दुरुस्तीचा तो अहवाल त्यांनी एका बैठकीत सांगितला. आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे. उद्धृत कागद अर्जदाराच्या पहिल्या तारखेनंतरचा आहे. अर्जदाराच्या आधीचा असा एकही कागद आढळला नाही. शोधकांची नावं त्यांनी पूर्ण घालायला लावली, शालिकचं आधी, दौलतचं नंतर. आणि शेवटी, जिथे ते स्वतः सगळ्यात आधी बघत, तिथे एक ओळ: सही करणाऱ्याने कागद स्वतः पाहिला नव्हता.

ती ओळ टाइप करताना माझी बोटं थांबली. कुणी वाचून दाखवला, हे त्यात नव्हतं. मी ते घालू शकले असते. मशीन माझ्यापुढे होतं.

वरच्या साहेबांनी बोलावलं तेव्हा मी फाइल घेऊन सोबत गेले. "पाहिला नव्हता म्हणजे?" साहेब म्हणाले. "मग वाचला कुणी?"

"सही कुणाची आहे?" सरांनी विचारलं.

"तुमची."

"मग झालं तर."

मी फाइलच्या दोरीची गाठ बघत उभी होते.

सावनेरला ते एकटे निघाले होते. एस. टी. स्टँडवर गणपत त्यांना सोडायला चालला तर मीही गेले आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले.  खाणीच्या क्वार्टर्समध्ये दौलतनं आमच्यासाठी बाज बाहेर टाकली. त्याच्या आईनं गूळ आणि पाणी आणलं आणि दाराच्या आत बसून राहिली. सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी स्वतःच्या डोळ्यांचंसुद्धा. माझं नाव सोडून.

दौलत एकदम उठून अंगणाच्या टोकाला गेला. पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढला होता.

"आंधळ्यानं कागद वाचाचा काहून साहेब? काहून वाचाचा?"

"चुकलं," सर म्हणाले.

"माही माय रोज इचारे, आलं का रे छापून. मी तिले सांगतलं, जपानवाल्यानं पह्यलेच केलं होतं. ते मानून गेली. आता मी तिले काय सांगू?"

आतून म्हातारी म्हणाली, "ऐकून राह्यली मी. पह्यला होता नं माहा शालिक? मंग झालं. त्याह्यले पानी पिऊ दे."

दौलत बाजेवर बसला. मग म्हणाला, "चार टबाले लावला हाये आम्ही तो आकडा. चालते."

आम्हाला बसपर्यंत सोडायला आला तेव्हा तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "तुमच्याकडं साऱ्या दुनियेचे कागद येतेत नं, बाई. कुठी शालिकचं नाव दिसलं तं कळवजा." असं कुठे नाव छापून येणार नाही हे त्यालाही कळत होतं. तरी मी हो म्हटलं. कागद मी वाचला होता, हे त्यालाच सांगायला हवं होतं. बस यायला अजून दहा मिनिटं होती. मी हो म्हटलं आणि पदर सारखा केला.

रामदासपेठेतल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, दोन-तीन वर्षांपूर्वी यायला हवं होतं म्हणाले. दिवाळीच्या आत सरांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी गणपत म्हणाला, "साहेब, आता माह्या कारनाईले नंबर कोन देईन?" आणि तोंड फिरवून रडला.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. इंदोऱ्याच्या दोन खोल्या, पुढे छोटी पडवी. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मागच्या पानापासून. आधी तारीख. माझे आकडे आता चुकत नाहीत. शेजारच्या स्टुलावर ते लाकडी खेळणं असायचं आणि ऐकता ऐकता सर सुतळी ताणून सोडायचे.

पाच वर्षं मी रविवारी जात होते आणि पाच वर्षं ते वाक्य माझ्याकडेच होतं. एका रविवारी तारीख वाचून झाल्यावर मी थांबले.

"सर, त्या कागदावरची अक्षरं मला दिसली होती. मी सांगितली नाहीत. आणि कागद नवा होता, तेही मला कळलं होतं."

सुतळी ताणलेली होती, ती तशीच त्यांच्या बोटात राहिली.

"कागद करकरीत होता, पोरी," ते म्हणाले. मला त्यांनी अशी हाक कधी मारली नव्हती. "मी हात लावला होता ना. बोटांना लगेच कळलं होतं."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सर, तुम्हीच बघा."

त्यांनी सुतळी सोडली. टक्‌. गल्लीत कुणीतरी रेडिओ लावला होता. मी पेपर घडी करून मांडीवर ठेवला होता, तो पुन्हा उघडला, पण वाचता येईना.

"दौलतनं तुम्हाला सांगितलं होतं, ते बघता का?" सरांनी विचारलं.

"बघते. येईल त्या प्रत्येक पेटीत बघते."

"मग?"

"शालिकचं नाव कुठे नाही, सर."

त्यांनी नुसता हात वर केला. मीच सुधारून म्हटलं, "आढळलं नाही."

त्यांची मान हलली.